खंडाळ्याचं कडं

पूल खेळायच्या काठीला क्यू म्हणतात, तिच्या टोकाला चामड्याची टिप असते आणि त्या टिपेखाली बोटाच्या पेराएवढी पांढरी टोपी असते, यातलं काहीही मला लग्नाला तीस वर्षं होईपर्यंत माहीत नव्हतं. त्या टोपीला फेरूल म्हणतात. म्हाताऱ्या माणसांच्या काठीला खाली पितळी शेंबी असते ना, तिचीच ही चुलतबहीण. फरक एवढाच की शेंबी जमिनीचा मार खाते आणि फेरूल चेंडूचा. ती नसेल तर क्यूचं लाकूड शेवग्याच्या शेंगेसारखं उभं चिरत जातं.

हे सगळं मला नवऱ्याकडून कळलं. समोर मी त्याला 'अहो' म्हणते. लिहिताना 'तो' म्हणणार आहे, कागदावर तेवढी सूट असू दे.

तो तळेगावच्या एका कारखान्यात टर्नर होता. निवृत्त झाल्यावर इतर लोक चारधामला जातात, याने बेगडेवाडीच्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत एक छोटं लेथ मशीन आणून बसवलं. खंडाळ्याला आणि लोणावळ्याला बंगले शनिवार-रविवार भाड्याने जायला लागले होते आणि प्रत्येक बंगल्यात एक पूल टेबल आलं होतं. येणारे पाहुणे क्यू बॅटसारखा फिरवतात, त्याच्यावर रेलतात, एकमेकांना ढोसतात. फेरूल तडकतेच. त्या बसवून देणारा माणूस अख्ख्या पट्ट्यात मिळेना, तो आमच्या पडवीत सापडला. मी तेव्हा शाळेत गणित शिकवत होते. संध्याकाळी घरी आले की पडवीतून जळक्या प्लॅस्टिकचा वास यायचा आणि मी दार लावून घ्यायचे.

मागच्या हिवाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पाय हळूहळू चालू लागला, पण उजवा हात गेला. शब्द एकेक करून, बराच वेळ शोधल्यावर यायला लागले. मुळात तो बोलणाऱ्यातला नव्हताच. आता त्याला डॉक्टरांचा दाखला मिळाला, असं मी त्याला म्हणायचे. तो हसायचा नाही.

एक दिवस चहा पिताना त्याने मशीनकडे बोट केलं आणि म्हणाला, "विकू." तळेगावच्या एका वर्कशॉपवाल्याला त्याने माझ्याकडून फोन लावून घेतला. त्याची नवी शेड पावसाळा लागेपर्यंत तयार होणार नव्हती आणि आमच्या गल्लीत पावसाळ्यात टेम्पो शिरत नाही, म्हणून पाऊस उघडला की तो येऊन मशीन घेऊन जाणार असं ठरलं. मला भीती वाटली. सकाळी उठून, काठी धरून हा माणूस पडवीपर्यंत जायचा, मशीनवरचं कापड काढायचा, डाव्या हाताने ते पुसायचा आणि परत कापड घालायचा. दिवसातलं तेवढंच चालणं. मशीन गेलं तर तो खुर्चीतून कशासाठी उठेल?

वैशाखात खंडाळ्याच्या एका बंगल्याचा केअरटेकर आला. बेडशाचा माणूस, घरची शेती सांभाळून पंधरा वर्षं तो बंगलाही सांभाळतो आहे, आणि पाहुणे नसताना टेबलावर एकटा खेळून खेळून चांगला तयार झाला आहे. नवऱ्याला तो भाऊ म्हणतो, मला वैनी. त्याने सहा क्यू आणले होते, सहाही फुटलेले. नवऱ्याचा हात बघून तो उंबऱ्यातच थांबला आणि काठ्या परत बांधायला लागला. मी म्हटलं, ठेवा. कोण करणार, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी करेन, असं मी सांगितलं.

नवरा झटक्यानंतर पहिल्यांदा हसला. अर्ध्याच तोंडाने, पण हसला, आणि मला ते हसू झोंबलं. तीस वर्षं मुलांना दशांश चिन्ह शिकवलेली बाई मी, मिलिमीटरला काय घाबरते. मी तसं म्हणालेसुद्धा. त्याने बराच वेळ शब्द गोळा केले. "सहा... नीट झाले... तर ठेवू." म्हणजे मशीन ठेवू. मी लगेच कबूल केलं.

पुढचे पंधरा दिवस मी शिकले. जुनी फेरूल कशी कापून काढायची, क्यूचं टोक मशीनमध्ये कसं धरायचं, टोकाचं लाकूड तासून पेन्सिलीएवढी दांडी कशी काढायची. सुताराच्या भाषेत तिला कुसू म्हणतात. फेरूलला आतून भोक असतं, ते या कुसवावर बसतं, मध्ये डिंक. तो खिडकीजवळच्या खुर्चीतून बोटाने दाखवायचा आणि चुकलं की काठी आपटायचा. भंगारातल्या क्यूंवर मी एवढ्या चुका केल्या की बंब पेटवायला महिनाभराचं सरपण झालं.

मग माल निवडायची वेळ आली. त्याच्या खणात हरतऱ्हेचे रॉडचे तुकडे होते. पितळ स्नूकरच्या बारीक क्यूला चालतं, पूलच्या जाड टोकाला जड होतं. कारखान्यात यंत्रांच्या भागांसाठी वापरतात ते डेलरिन नावाचं प्लॅस्टिक मशीनवर लोण्यासारखं कापलं जातं, शेवयांसारखे लांब दोरे निघतात, मला ते फार आवडलं. पण त्याला डिंक धरत नाही. कागदी फायबर स्वस्त आणि हलकं, पण टिपेला घासतात त्या खडूची निळाई पिऊन दोन महिन्यांत कळकट होतं. एक पांढरंशुभ्र, काचेसारखं चमकणारं अॅक्रिलिक होतं. आणि एक कापडी बेकलाइट, कापडाचे थर राळेत दाबून केलेलं, जुन्या हस्तिदंती फणीसारखं पिवळट.

निवडायची त्याची पद्धत विचित्र होती. एकेक तुकडा डाव्या हाताने उचलून तो लादीवर टाकायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. अॅक्रिलिक टणकन वाजलं, बेकलाइट टकटकलं. त्याने बेकलाइट माझ्याकडे सरकवलं. पण केअरटेकरने बजावलं होतं की मालकांना पांढरंच पाहिजे, आणि खरं सांगायचं तर मलाही पांढरंच हवं होतं. पहिलं काम उठून दिसावं असं कुणाला वाटत नाही? मी अॅक्रिलिक घेतलं. त्याने दोनदा मान हलवली. मला वाटलं, नेहमीचा हेका.

खणात दोन पितळी कडीही होती, करंगळीत जेमतेम जातील अशी. एकावर एक खाच, दुसऱ्यावर दोन. ती मापं होती. कडं सरकेपर्यंत कुसू तासत जायचं, सरकलं की थांबायचं. एका खाचेचं कडं मोठं, त्याने कुसू जाड राहतं आणि फेरूल गच्च बसते. दोन खाचांचं अगदी केसभर लहान, त्याने कुसू बारीक होतं आणि फेरूल सैल जाते, ती फट डिंकाने भरायची. कुठलं वापरू, मी विचारलं. तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "बघ तू."

मी दोन भंगार टोकांवर करून बघितलं. दोन खाचांच्या कड्याने केलेली फेरूल डिंकाशिवाय डुगडुगत होती. एका खाचेची दाबून बसवावी लागली, करकरली आणि जी बसली ती हलेना. माझा जन्म लोणच्याच्या बरण्या आणि डाळीचे डबे घट्ट लावण्यात गेला आहे. सैल झाकणावर माझा विश्वास नाही. सहाही फेरूल मी गच्च बसवल्या, प्रत्येक बसताना करकरत होती आणि तो करकर आवाज ऐकत तो चार हातांवर बसला होता.

क्यू देखणे झाले. केअरटेकरने एकेक डोळ्यासमोर धरून पाहिला आणि म्हणाला, भाऊंनी केल्यासारखेच झालेत. तो गेल्यावर मी नवऱ्याला विचारलं, मग, ठेवायचं ना मशीन? तो म्हणाला, "पाऊस... जाऊ दे." एवढा कंजूष निकाल मी कुठल्या मुलाला कधी दिला नसेल. मी शेजारपाजारी मात्र सांगत सुटले होते.

आषाढात खंडाळ्यात धुकं घरात येतं. भिंती पाझरतात, मीठ पाणी सोडतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. हे मला माहीत होतं, माझी मावशी तिथे राहायची. पण मिठाचा आणि क्यूचा संबंध मी लावला नाही. लाकूड फुगलं. फेरूलच्या आत त्याला फुगायला मी जागाच ठेवली नव्हती.

केअरटेकर चार क्यू घेऊन भिजत आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने काठ्या हळूच भिंतीला टेकवल्या आणि म्हणाला, "वैनी, चार गेल्या. धुकं आत शिरलं आन् येकयेक तडकाया लागली. मालकाला आजून सांगितलं न्हाई म्या." मी एक क्यू उचलला. पांढऱ्या फेरूलवर वरून खाली एक बारीक रेघ, नखाला लागेल एवढी. मला रडू यायला लागलं, ते मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत नेलं.

बाहेर आले तेव्हा नवरा तो क्यू मांडीवर घेऊन रेघेवरून अंगठा फिरवत होता. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मी हजारो मुलांचे चेहरे वाचले आहेत. उत्तर आधीच माहीत असलेल्या मुलाचा चेहरा मला लांबून ओळखू येतो. केअरटेकर जाईपर्यंत मी थांबले, मग विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

त्याने खण उघडायला लावला. दोन खाचांच्या कड्यावर बोट ठेवलं. "खंडाळा." मग दुसऱ्यावर. "तळेगाव." तळेगावकडच्या कोरड्या गावांसाठी एक माप, घाटाच्या तोंडावर धुक्यात जाणाऱ्या क्यूंसाठी दुसरं. आणि मी सहाच्या सहा तळेगावच्या कड्याने करून खंडाळ्याला पाठवले होते, तो बघत असताना.

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. आमच्या घरात हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं, एवढं आमचं बोलणं कमी. पण त्याच्या लक्षात आलं. मला एवढा राग आला होता की त्याच्या डाव्या हाताला येईल अशा ठिकाणी पाण्याचा तांब्या ठेवायचासुद्धा मी विसरले, म्हणजे विसरले नव्हते. मशीन वाचवायला मी धडपडत होते ते कुणासाठी? मला त्या मशीनचं काय करायचं होतं? तिसऱ्या दिवशी दुपारी मी खुर्ची त्याच्यासमोर ओढून बसले आणि विचारलं, का सांगितलं नाही?

तो खूप वेळ शब्द शोधत राहिला. मी मदत केली नाही.

"झालं असतं..." तो म्हणाला. थांबला. "तर मी... कशाला?"

राग तिथल्या तिथे गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. आजही थोडा शिल्लक आहे. पण त्या दुपारी मला पडवी त्याच्या खुर्चीतून दिसली. मी मशीनवर उभी राहायचे ती त्याच्याकडे पाठ करून. त्याचा खाकी ॲप्रन मी विचारल्याशिवाय घातला होता, बंद माझ्या मापाचे करून. 'कुठलं कडं?' असं विचारलं ते तरी कसं, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला वाईट वाटू नये म्हणून विचारतात तसं. मी त्याचं काम वाचवत नव्हते, त्याच्या हातून काढून घेत होते. हे मी त्याला म्हणाले नाही. मी म्हणाले, "सहाही परत करायचेत. कडं तुम्ही धरा."

उरलेले दोन क्यूही केअरटेकरकडून मागवून घेतले आणि श्रावणभर आम्ही तेच केलं. खुर्ची मशीनच्या उजव्या अंगाला आली. मी कुसू तासायचे, मशीन थांबवायचे, तो डाव्या हाताने दोन खाचांचं कडं टोकावर घालून बघायचा. "अजून." पुन्हा एक पुसट फेर. "अजून." मग "बास."  माल बेकलाइट. ते कापताना वास असा सुटतो की डोळ्यांत पाणी येतं, आणि पूर्वी मी दार का लावायचे ते मला पटलं. पिवळट रंगाचं मालकांना कसं सांगायचं, हा प्रश्न केअरटेकरने फोनवर सोडवला. पांढरं पायजे आसल तर दर पावसाळ्यात नवं घाला, असं सांगतो म्हणाला.

फेरूल बसवायची खरी रीत मला तेव्हा कळली. डिंक लावून ती कुसवावर नुसती ठेवायची. ती आपल्या वजनाने सावकाश खाली उतरली पाहिजे. ढकलावी लागली तर चुकलं. आणि कुसवावर सुईने ओढल्यासारखी एक उभी रेघ कापायची, म्हणजे आत अडकलेली हवा त्यातून बाहेर पडते. एवढं सगळं त्याने मला एका आठवड्यात, मला वाटतं वीसेक शब्दांत सांगितलं. मी तीस वर्षं जो तास पस्तीस मिनिटांचा घेत होते, तो यात आटोपला असता.

भाद्रपदात, गणपती उठल्यावर, आम्ही क्यू घेऊन खंडाळ्याला गेलो. केअरटेकर न्यायला यायला तयार होता, पण नवऱ्याने मान हलवली. पूर्वीही तो प्रत्येक क्यू त्या टेबलावर वाजवून मगच ताब्यात द्यायचा. बेगडेवाडीहून लोकल, लोणावळ्याहून रिक्षा. झटक्यानंतर दवाखाना सोडून तो पहिल्यांदाच कुठे निघाला होता, आणि त्याने इस्त्रीचा शर्ट मागितला.

बंगल्यात पाहुणे नव्हते. दमट गालिच्याचा वास, खिडक्यांबाहेर पांढरं धुकं. केअरटेकरने त्याला टेबलाजवळ खुर्ची दिली आणि एकेका क्यूने एकेक चेंडू मारला. नवरा डोळे मिटून ऐकत होता. पहिला. हं. दुसरा, तिसरा, चौथा, हं. पाचव्याला हं नाही. "परत," एवढंच म्हणाला. केअरटेकरने परत मारला. मला काही फरक कळला नाही, त्यालाही नसावा.

मग नवरा उठला. डाव्या हाताने त्याने आपला उजवा हात उचलला आणि टेबलाच्या हिरव्या कापडावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. बोटं वळलेलीच होती. अंगठ्याच्या बेचक्यात त्याने क्यूचं टोक टेकवलं, डाव्या हाताने मागून धरलं आणि मारलं. चेंडू वाकडा गेला आणि कडेला लागून थांबला. केअरटेकरने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. नवरा मात्र फेरूलकडे बघत होता.

"हवा," तो म्हणाला. "रेघ... विसरलीस."

विसरले होते. आत हवेचा बुडबुडा राहून फेरूल खाली पुरती टेकलीच नव्हती. हे ऐकणारे मला विचारतात, मुद्दाम चुकवला होतास ना? नाही. मुद्दाम चुकायला हात जेवढा बसलेला लागतो, तेवढा माझा अजून बसायचा होता. मला राग आला आणि लाजही वाटली. सहावा ठीक होता. पाचवा आम्ही परत घेतला.

लोणावळ्याच्या फलाटावर लोकलची वाट बघत बाकावर बसलो होतो. क्यू त्याच्या दोन गुडघ्यांत उभा होता. माझा फोन वाजला. तळेगावचा वर्कशॉपवाला. पाऊस उघडलाय, रविवारी टेम्पो पाठवू का, मशीन कारागिरांना दाखवायचंय, असं तो म्हणत होता.  सहा नीट झाले तर, असं ठरलं होतं आणि माझे पाचच झाले होते. मी आयुष्यभर कुणाचा अर्धा मार्क वाढवला नाही, माझा कसा वाढवू?

नवऱ्याने हात पुढे केला. झटक्यानंतर त्याने फोन एकदाही घेतलेला नव्हता. आपलं बोलणं परक्याने ऐकावं हे त्याला सहन व्हायचं नाही. मी फोन त्याच्या डाव्या हातात दिला. त्याने तो कानाला लावला आणि शब्द शोधायला लागला. पलीकडचा माणूस हॅलो, हॅलो करत होता, ते मला ऐकू येत होतं. शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली. मी यावेळीही मदत केली नाही, पण यावेळी मला हात घट्ट धरून बसावं लागलं.

"एक..." तो म्हणाला. "एक राहिलाय." मग पुन्हा थांबला, आणि पुढचं त्याने मोठ्याने, जवळजवळ सलग म्हटलं. "मशीन लागेल आम्हाला."

त्याने फोन माझ्याकडे दिला, गुडघ्यांतला क्यू सरळ केला आणि लोकल येते त्या बाजूला बघत बसला.